घरच्या बिअरमध्ये ताजं फळ : रुंद तोंडाचा फर्मेंटर आणि जाळीची पिशवी, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांना खालचं सगळं वाचत बसायला नको. घरी बिअर करत असाल आणि तिच्यात ताजं फळ घालायचं मनात असेल तर रुंद तोंडाचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचा डबा, आणि त्यात ऐसपैस बसेल अशी मोठ्या भोकांची नायलॉनची पिशवी, या दोन गोष्टी डोळे झाकून घ्या. अरुंद मानेच्या काचेच्या मोठ्या बाटलीत, म्हणजे कार्बॉयमध्ये, फळ घालायच्या भानगडीत पडू नका, आणि ती ड्राय हॉपिंगसाठी, म्हणजे आंबत्या बिअरमध्ये वासासाठी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालायला, स्टीलची उभी जाळीदार नळी मिळते ना, ती फळासाठी अजिबात घेऊ नका. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाहीये कारण या प्रकारचे डबे जवळपास सारखेच असतात. फूड ग्रेड एचडीपीई प्लॅस्टिकचा तीस लिटरचा डबा, दाबून बसणारं किंवा फिरवून लागणारं झाकण, झाकणाला आतून रबरी रिंग, वर एअरलॉकचं (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) भोक, खाली तोटी, बाहेरून लिटरच्या खुणा. स्टीलचा घेतलात तर उत्तमच, चरे पडत नाहीत आणि वास धरत नाही, पण फळासाठी स्टील पाहिजेच असं काही नाही. बघायचं काय तर तोंड. हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे आणि फळाने भरलेली, फुगलेली, बिअर पिऊन जड झालेली पिशवी न दाबता न चेपता अलगद बाहेर आली पाहिजे. या एका कसोटीवर निम्मे फर्मेंटर बाद होतात.

तोंडावर एवढा जोर का, तर फळ हॉप्ससारखं वागत नाही. हॉप्सच्या गोळ्या विरघळतात आणि यथावकाश तळाला बसतात, फळ मात्र वर येतं. यीस्ट फळातली साखर खायला लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे गराला चिकटतात आणि सगळा चोथा वर येऊन जाड थर होतो. हा थर वरून सुकला की बुरशीला आयतं घर, शिवाय जो भाग बिअरच्या बाहेर राहिला त्याची चव बिअरमध्ये उतरणार तरी कशी. अरुंद मानेच्या भांड्यात तर हा थर सरळ मानेत येऊन अडकतो, मग गराचा एखादा तुकडा एअरलॉकच्या नळीत शिरतो, नळी तुंबते, आत गॅस साठत जातो आणि शेवटी बूच उडतं आणि छतापर्यंत लाल शिंतोडे जातात. काचेच्या भांड्यात हा प्रकार नुसता पसाऱ्याचा नाही, धोक्याचा आहे. रुंद डब्यात बिअर वीस-बावीस लिटर आणि वर आठ-दहा लिटरची मोकळी जागा राहते, फळ घातल्यावर फेस पुन्हा उठतो त्याला तेवढी जागा लागतेच.

आता पिशवी. इथे बहुतेक जण जास्त बारीक जाळीची पिशवी घेतात, त्यांना वाटतं बारीक जाळी म्हणजे बिअर स्वच्छ. उलट होतं. पिकलेल्या फळाचा गर बारीक जाळीवर लिंपल्यासारखा बसतो आणि मग पिशवीच्या आतला रस आतच आणि बाहेरची बिअर बाहेरच. भोकं डोळ्यांना स्पष्ट दिसतील अशी पिशवी घ्या. रास्पबेरीच्या काही बिया सुटून बाहेर येतात, येऊ देत, त्या तळाला बसतात, बाटलीत जात नाहीत. पिशवी निम्मीच भरायची, फळ आत ढिलं हललं पाहिजे, ठासून भरलेल्या पिशवीत मधलं फळ आठवड्यानेही जसंच्या तसं निघतं. स्टीलच्या उभ्या नळीचा दोष नेमका हाच आहे, फळ तिच्यात दाबून बसतं, बाहेरच्या थराला बिअर लागते आणि आतला गाभा कोराच राहतो.

पिशवीत वजन टाकायचं, स्टीलच्या मोठ्या गोट्या मिळतात त्या उत्तम, नाहीतर एक-दोन जाड स्टीलचे चमचे सुद्धा चालतात. फळ बिअरखाली राहिलं की रोज झाकण उघडून ढवळायची गरज संपते आणि झाकण जितकं कमी उघडाल तितका ऑक्सिजन कमी जाईल. वजन टाकूनही पिशवीचा वरचा भाग थोडा तरंगला तर डबा बंद ठेवूनच हलकेच गोल फिरवायचा, बास. पिशवी, गोट्या, दोरी सगळं दहा मिनिटं उकळून घ्यायचं. डबा आणि झाकण नो-रिन्स, म्हणजे नंतर धुवावं न लागणाऱ्या, सॅनिटायझरने, फॉस्फोरिक ॲसिडवालं मिळतं ते, लेबलवर दिलेल्या प्रमाणात आणि दिलेल्या वेळेपुरतं, त्याला जो फेस येतो त्याची चिंता करायची नाही.

बरं, एवढा खटाटोप कशाला, प्युरी मिळते, एसेन्स मिळतं, असं कोणीही विचारेल आणि प्रश्न रास्त आहे. तिन्ही वापरून मग बोलतोय. एसेन्सचं काम सोपं, बॉटलिंगच्या आधी काही मिलिलिटर टाकले की झालं, साखर वाढत नाही, गाळ नाही, पण पहिल्या घोटाला फळाचा भास होतो आणि तिसऱ्या घोटापासून औषधाच्या गोळीची चव यायला लागते. फळाची चव म्हणजे नुसता वास नव्हे, तिच्यात आंबटपणा असतो, सालीचा किंचित तुरटपणा असतो, रंग असतो, एसेन्समध्ये यातलं काहीच नाही. त्यामुळे नुसत्या एसेन्सवर केलेली फ्रूट बिअर मला पटत नाही. निर्जंतुक डबाबंद प्युरी मात्र प्रामाणिक वस्तू आहे. फळ पिकल्यावर काढलेलं, जंतूंची भीती नाही, बिया-साली काढलेल्या, डबा उघडला की ओतायची. तिचे दोष दोनच, एकतर डबा उघडला की सगळा संपवावा लागतो, आणि दुसरं म्हणजे ती इतकी बारीक असते की पिशवीत राहत नाही, खाली बसून जाड गाळ करते आणि त्या गाळात बरीचशी बिअर अडकते. ज्या फळाचा तुमच्याकडे हंगाम नाही त्यासाठी प्युरी घ्या, हंगाम असेल तर ताजं फळ. ताज्या फळात साल, गर, रस सगळं एकत्र येतं आणि त्याने बिअरला जो भरीवपणा येतो तो मला प्युरीत मिळालेला नाही.

ताज्या फळाची तयारी सोपी आहे पण तिला फाटा देऊ नका. फळ पूर्ण पिकलेलं पाहिजे, थोडं जास्तच पिकलेलं चालेल, पण डागाळलेलं, बुरशीचा एक ठिपका असलेलंसुद्धा नको. धुवायचं, देठ-पानं काढायची, मग फ्रीझरमध्ये टाकून दगडासारखं घट्ट गोठवायचं. गोठवण्याचा फायदा टिकवण्यापुरता नाही. फळाच्या पेशींमधलं पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात, त्यामुळे वितळल्यावर फळ आपसूक रस सोडतं, मिक्सरमधून काढायची वेळच येत नाही. मिक्सर तसाही टाळलेलाच बरा, बिया फुटल्या की कडवटपणा येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, झोपतात फक्त. आणि फळ बिअरमध्ये टाकायच्या आधी फर्मेंटरच्या तापमानाला येऊ द्या, बर्फगार फळ एकदम टाकलं तर यीस्टला धक्का बसतो आणि ते काम सोडून तळाला जाऊन बसतं.

जंतूंचं काय, यावर घरी बिअर करणाऱ्यांत कायम वाद चालतो. एक गट म्हणतो फळ गरम करा, सत्तर अंशाला पंधरा मिनिटं धरा. ते सुरक्षित आहे यात वाद नाही, पण त्यात ताजेपणा जातो आणि जॅमचा वास येतो, आणि चुकून तापमान ऐंशीच्या वर गेलं तर पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) सुटतं आणि बिअर धूसर होते ती पुढे स्वच्छ व्हायचं नाव घेत नाही. दुसरा गट मेटाबायसल्फाइटच्या गोळ्या, म्हणजे कॅम्पडेन, कुस्करून फळात मिसळतो आणि चोवीस तास सैल झाकून ठेवतो, म्हणजे सल्फर डायऑक्साइड आपलं काम करून उडून जातो. माझं मत असं आहे की बेरीसारख्या मऊ फळाला धुणं आणि गोठवणं पुरतं, कारण तोपर्यंत बिअरमध्ये अल्कोहोल आलेलं असतं, पीएच साडेचारच्या आसपास किंवा खाली गेलेला असतो, हॉप्स असतात आणि आपलं यीस्ट अब्जावधींनी हजर असतं, नव्या पाहुण्याला शिरकाव करणं अवघड जातं. अवघड जातं, अशक्य नाही. महिनोन्महिने बाटल्या ठेवायच्या असतील तर कॅम्पडेन वापरा.

आणि म्हणूनच फळ पहिल्या दिवशी टाकायचं नाही. सुरुवातीचं फर्मेंटेशन इतकं जोरात असतं की बाहेर पडणारा गॅस फळाचा सुवास सोबत घेऊन जातो, घरभर रास्पबेरीचा घमघमाट सुटतो आणि बिअरमध्ये काही उरत नाही. पाच-सहा दिवसांनी फेस खाली बसला, ग्रॅव्हिटी, म्हणजे साखर किती उरली ते सांगणारी बिअरची घनता, शेवटच्या आकड्याच्या जवळ आली की मग पिशवी सोडायची. तेव्हा यीस्ट जागं असतं त्यामुळे फळासोबत जी थोडी हवा आत जाते ती ते खाऊन टाकतं. मी त्यासाठी बिअर दुसऱ्या भांड्यात काढत नाही, त्याच डब्यात फळ सोडतो, रुंद तोंडाचा हा आणखी एक फायदा. उगाच एक ट्रान्सफर वाढवायचा आणि ऑक्सिजन घालायचा कशाला.

लॅम्बिक, म्हणजे बेल्जियमची जंगली यीस्टवर आंबलेली आंबट बिअर, करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळच्या पायोटनलँड भागात लाकडी पिंपात मुरलेल्या लॅम्बिकमध्ये आंबट चेरी बियांसकट घालून क्रीक करतात, रास्पबेरी घातली की फ्रॅम्बोआझ. ब्रसेल्समधली कँटिलन ब्रूअरी १९०० सालापासून आहे आणि त्यांची जर्दाळूची बिअर जगभरात शोधली जाते. तिथे लिटरला दोनशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त फळ घालतात आणि फळाच्या सालीवरच्या जंगली यीस्टची कोणी भीती बाळगत नाही, कारण ती बिअर मुळात हवेतल्या यीस्टवरच आंबलेली असते. चेरीच्या अख्ख्या बियांमधून बदामासारखी एक मंद चव उतरते, क्रीकची ती ओळखच आहे. बिया अख्ख्याच ठेवायच्या मात्र, फोडायच्या नाहीत, आतल्या गरात सायनाइड तयार करणारा घटक असतो.

आपल्या घरच्या बिअरला प्रमाण किती, तर ते फळावर आहे, सगळ्यांना एक माप लावून चालत नाही. रास्पबेरी सगळ्यात दिलदार फळ, लिटरला साठ ग्रॅमपासून चव कळायला लागते आणि एकशेवीस ग्रॅमला ती बिअरवर राज्य करते. वीस लिटरला अडीच किलोच्या आत काम होतं. आठवड्याने झाकण उघडून पिशवी वर उचलली की काय झालंय ते डोळ्यांनी दिसतं : जी फळं लालभडक गेली होती ती फिकट पांढुरकी, कडेला जेमतेम गुलाबी झालेली असतात, बोटाच्या चिमटीत धरली की विरघळतात, तोंडात टाकली तर गोडी शून्य, नुसता चोथा आणि बिया. रंग, वास, आंबटपणा, सगळं बिअरने काढून घेतलेलं असतं, बिअर जांभळट लाल आणि ग्लासात ओतली की फेससुद्धा गुलाबी. पहिल्यांदाच फळ घालणार असाल तर रास्पबेरीच घ्या, दुसरं काही नको.

स्ट्रॉबेरीवर माझा जीव आहे पण ती खेळवते. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, लिटरला दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या खाली चव लागत नाही, लाल रंग काही आठवड्यात उतरून गवती पिवळा होतो आणि सुवास त्याच्याही आधी जायला लागतो. तरीही करावी, गार करून लवकर संपवावी, पहिल्या पंधरवड्यातली स्ट्रॉबेरी बिअर जी लागते त्याला तोड नाही. पीचचंही तसंच, घातलं भरपूर तरी बिअरमध्ये पुसट होतं, आणि गंमत म्हणजे जर्दाळू घातला की लोक म्हणतात वा, पीच काय छान लागतोय, त्यामुळे पीचची चव हवी असेल तर जर्दाळू घ्या किंवा निम्मा-निम्मा.

आंबा घालायचा तर रेषा नसलेला, घट्ट गराचा आणि वासाचा घ्या, साल आणि कोय काढून मोठे तुकडे करून गोठवा, आटवलेला रस नको. साखर भरपूर असते, शंभर ग्रॅमला चौदा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे फर्मेंटेशन दुसऱ्यांदा चांगलंच उसळतं, आणि गोडवा सगळा यीस्ट खाऊन टाकतं म्हणून आपल्या जिभेला ओळखीचा आंबा सापडत नाही, राहतो तो सालीजवळचा रेझिनसारखा, थोडा झाडपाल्याकडे झुकणारा वास. काही जणांना तो फार आवडतो, मला आवडतो, पण आमरसाची अपेक्षा ठेवून ग्लास उचलणारा माणूस नाराज होतो. असे वास देणारे हॉप्स मिळतात, ते थोडे ड्राय हॉपिंगला घातले की आंबा पुढे येतो.

अननस, पपई, किवी ही तीन फळं गरम न करता घालू नका. त्यांच्यात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, अननसातलं ब्रोमेलेन, पपईतलं पपेन, आणि बिअरचा फेस प्रोटीनवर उभा असतो. चव मस्त आणि फेस गायब, असा प्रकार होतो. गरम केल्यावर ते एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे इथे मात्र गरम करणाऱ्या गटाचं ऐका. लिंबू-संत्र्याची फक्त वरची रंगीत साल किसून घ्यायची, पांढरा भाग कडू. कलिंगडाचा बिअरमध्ये काकडीसारखा वास होतो, मी त्याच्या नादी लागत नाही. केळ्याचा वास हवा असेल तर फळ नकोच, हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट तो वास स्वतःच तयार करतं.

फळ घातल्याने बिअर कडक होते असा एक समज आहे, तो थोडा तपासून घेऊ. वीस लिटर, पाच टक्क्यांची बिअर आहे आणि तिच्यात २.४ किलो रास्पबेरी घातली. रास्पबेरीत साखर साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एकूण शंभर-एकशेदहा ग्रॅम, आणि सोबत दोन लिटर पाणी. अल्कोहोल पाचवरून थोडं खालीच येतं. तेवढीच गोड चेरी घातली, तिच्यात साखर तेरा टक्क्यांच्या आसपास, तर पाचाचे साडेपाचच्या जवळ जातात. म्हणजे फळाने फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याच्या आतला. पण हीच साखर बाटलीत गेली तर मात्र मामला गंभीर होतो. दर लिटरला चार ग्रॅम साखर बाटलीत आंबली की साधारण एक व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नेहमीच्या बिअरमध्ये एकूण अडीच व्हॉल्यूमच्या आसपास असतो. चेरीची सगळी साखर न आंबता बाटलीत गेली तर साडेतीन व्हॉल्यूम वरचे, साधी काचेची बाटली इतक्या दाबासाठी बनवलेली नसते, ती फुटते आणि काच चारी दिशांना जाते. म्हणून फळ घातल्यावर एअरलॉक शांत झालाय एवढ्यावर बाटल्या भरायच्या नाहीत, हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघायची, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायची, आकडा हलला नसेल तरच बॉटलिंग. या बाबतीत मी कोणाशी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका. पोटॅशियम सॉर्बेट टाकून फर्मेंटेशन थांबवू म्हणणारेही भेटतील, सॉर्बेट यीस्टची वाढ रोखतं, चालू असलेलं फर्मेंटेशन थांबवत नाही.

साखर सगळी गेल्यामुळे दुसरी अडचण येते ती चवीची. फळाची आठवण आपल्या डोक्यात गोडीसकट असते, आणि बिअर निघते कोरडी, आंबट, थोडी पातळ. यावर इलाज मूळ बिअरमध्येच करायचा. गहू घातलेली, हलकी, कमी कडू बिअर घ्या, आयबीयू (कडवटपणाचं माप) दहा ते वीसच्या दरम्यान, जास्त हॉप्सचा कडवटपणा आणि फळाचा आंबटपणा एकमेकांत भांडतात. मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) थोडा जास्त तापमानाला धरा म्हणजे न आंबणारी साखर जरा जास्त राहील. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालणारेही आहेत, यीस्ट ते खात नाही त्यामुळे गोडसरपणा टिकतो, पण ज्यांना दूध पचत नाही त्यांना ते सांगूनच द्यायचं.

आता तो अर्धा स्टार. पहिली तक्रार तोटीची. पिशवी कितीही चांगली असली तरी थोडा गर निसटतोच आणि तळाच्या तोटीत येऊन बसतो, ऐन बॉटलिंगला धार बारीक होत होत बंद पडते. तोटी तळापासून दोन बोटं तरी वर असलेला डबा बघून घ्या, आणि बॉटलिंगच्या आदल्या दोन दिवशी डबा फ्रिजमध्ये ठेवता आला तर गाळ घट्ट बसतो. वरून सायफनने काढलं तर हा प्रश्नच येत नाही, मी हल्ली फळाच्या बिअरला तोटीला हातच लावत नाही. दुसरी तक्रार झाकणाच्या रबरी रिंगची, ती वास धरते. आंब्यानंतर केलेल्या साध्या बिअरला आंब्याचा हलका वास, असं होऊ शकतं. रिंग काढून सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची, उन्हात वाळवायची, तरीही वास राहिला तर बदलायची, सुटी रिंग मिळते. काही डब्यांचं झाकण नीट हवाबंद बसत नाही, एअरलॉकमधून बुडबुडा येतच नाही कारण गॅस कडेने निघून जातो, माणूस घाबरतो की फर्मेंटेशन बंद पडलं. बंद पडलेलं नसतं, हायड्रोमीटर लावून बघा. पण फळ घातलेल्या बिअरला शेवटच्या दिवसांत झाकण घट्टच पाहिजे, तेव्हा डबा घेतानाच त्यात थोडं पाणी भरून, झाकण लावून, बाजूने हलकं दाबून एअरलॉकचं पाणी हलतंय का ते तपासा.

पिशवी बाहेर काढताना पिळायची नाही. मोह होतो, आत अर्धा-एक लिटर बिअर अडकलेली असते, पण पिळली की हवा मिसळते, गाळ सुटतो आणि बिअरला पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव यायला लागते. डब्यावर धरून दोन मिनिटं निथळू द्या, जेवढं येईल तेवढं आपलं. फळाच्या बॅचला वीस लिटरमागे दीड-दोन लिटर गळती धरूनच चाला, म्हणजे नंतर हळहळ नाही.

साफसफाई पटापट उरकायची. डबा मऊ स्पंजनेच, तारेची घासणी लागली की प्लॅस्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यात जंतू राहतात. पिशवी लगेच उलटी करून वाहत्या पाण्याखाली, शिवणीत गर अडकतो तो वाळला तर निघत नाही, आणि पुढच्या वेळी कितीही उकळलं तरी तिथे काय राहिलंय याची खात्री देता येत नाही. शिवण दुहेरी आणि सपाट असलेली पिशवी म्हणूनच चांगली.

ज्यांना चार-पाच लिटरची छोटी बॅच करून बघायची आहे त्यांनी तीस लिटरचा डबा घेऊ नये, वर मोकळी जागा फार राहते आणि तेवढा ऑक्सिजन फळाच्या बिअरला सोसत नाही, त्यांना रुंद तोंडाची सहा-सात लिटरची बरणी, एअरलॉकचं झाकण लावता येईल अशी, पुरे आहे. आपल्याकडे घरी बिअर करायला कायद्याने परवानगी आहे का तेही आधी बघून घ्या. बाकी ज्यांची वीस लिटरची बॅच नेहमीची आहे आणि फळाचा हंगाम दाराशी आलाय त्यांनी डबा एक आणि पिशव्या दोन घ्या, अडीच किलोच्या वर फळ असेल तर ते एका पिशवीत ढिलं राहत नाही.